खेळ आपला, वही कुणाची?



एप्रिल २०२० मध्ये सिंगापुरात 'सर्किट ब्रेकर' लागू झाला आणि सगळे घरात अडकले. त्या दिवसांत माझी मुलगी, पुण्यातली तिची दोन मावसभावंडं आणि मी असा आमचा रोलप्लेइंग खेळाचा अड्डा जमला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. १९७४ साली अमेरिकेत आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. आमचे नकाशे, फासे आणि पात्रांची टिपणं एका वेबसाइटवर असत. अडीच तासांचा फरक सांभाळून शनिवार ठरलेला.

मुलांनी वर्षभरात कोकण किनाऱ्यावर एक आख्खं काल्पनिक बंदर उभं केलं: तरीचे दर, जकातीची भांडणं, होळीच्या मानावरून दोन वाड्यांचं वैर. पुढे ती वेबसाइटच बंद झाली. सूचनेचा ईमेल आला होता, आम्ही तो वेळेत वाचला नाही. मुलीने विचारलं, "लिहिलं आपण, मग गेलं कसं?"

हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. गूगल प्लसवर या छंदातल्या हौशी रचनाकारांचा मोठा मेळा होता. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने सर्वसामान्यांसाठी ते बंद केलं आणि अनेक वर्षांच्या चर्चा विखुरल्या.

नियमांचंही तेच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ नियमांवर कुणालाही नवी रचना करता यावी म्हणून 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने २००० साली 'ओपन गेम लायसन्स' दिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात जुना परवाना मोडीत काढून साडेसात लाख डॉलरांवरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागितलं होतं. खेळाडू खवळले, अनेकांनी वर्गणी रद्द केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. मला यातून एवढंच कळलं, की मालकाच्या सदिच्छेवर विसंबणं वेगळं आणि हक्क पदरात असणं वेगळं.

कुणी म्हणेल, हा नुसता खेळ, एवढं काय त्यात? पण परक्या देशात वाढणारी मुलं मराठीत, एकमेकांशी वाटाघाटी करत काही रचतात, ते मला मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेत आम्ही नोंदवही दुसऱ्याच्या कपाटात ठेवून विसरत नाही. मग घरातल्या निर्मितीला वेगळा न्याय का?

सोयीची साधनं टाकून द्या, असं माझं म्हणणं नाही. 'रोल२०' ब्राउझरमध्ये चटकन उघडतं, 'डिस्कॉर्ड'वर बोलणं सोपं जातं. हौशी माणसांकडे वेळ कमी असतो. पण निवडताना एक प्रश्न विचारावा: उद्या हे बंद पडलं तर माझ्या हाती काय उरेल? 'फाउंड्री' एकदाच विकत घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवता येतं, फायली आपल्याकडेच राहतात. तेवढा खटाटोप नको असेल तर निदान महिन्यातून एकदा टिपणं साध्या मजकुराच्या फायलीत उतरवावीत, नकाशे चित्र म्हणून साठवावेत आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

युनिकोडपूर्वीच्या फॉण्टांत टंकलेल्या मराठी फायली आठवा. तो फॉण्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो धडा आपण एकदा शिकलो आहोत.

आमचं बंदर आता नव्याने वसतंय. या वेळी त्याची वही मुलीकडे आहे, आणि एक प्रत पुण्याला.