देवळात येणारी नदी

नदीकाठचे देऊळ दोनदा पाहावे लागते. एकदा माघ-फाल्गुनात, पाणी खाली गेलेले आणि घाटाची शेवटची पायरीही उघडी पडलेली असताना. आणि एकदा आषाढ-श्रावणात, तेच पाणी पायरी पायरी करत वर चढत असताना. पहिल्या भेटीत देऊळ दिसते. ते तसेच का बांधले, हे दुसऱ्या भेटीत कळते.

गोदावरी, भीमा आणि कृष्णा या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहतात. माथ्यावरचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो, उरलेले आठ महिने पात्र आक्रसत राहते. या नद्यांच्या काठी देऊळ बांधणाऱ्यांपुढे त्यामुळे कायमचा एक पेच होता. स्नान, अर्घ्य, पिंडदान, अस्थिविसर्जन यांसाठी पाणी हाताशी हवे. पण पावसाळ्यात हेच पाणी गाभाऱ्यात शिरणार. देऊळ उंच टेकाडावर नेले तर नदी दुरावते, खाली आणले तर पूर गाठतो.

घाट हे या पेचाचे सगळ्यात सरळ उत्तर. घाटाच्या पायऱ्या एका ठरावीक पातळीसाठी नसतातच. चैत्रातल्या पाण्याला खालच्या पायऱ्या, भाद्रपदातल्या पाण्याला वरच्या. पाणी कुठेही असो, कोणत्या तरी पायरीवर बसून पाय बुडवता येतात. मधले रुंद टप्पे बसायला, संध्या करायला, धुणे वाळत घालायला. वरच्या ओवऱ्या मुक्कामाला. काळ्या पाषाणाचे हे काम शेकडो पावसाळे सोसून उभे आहे, कारण ते नदीला अडवत नाही, तिला वर यायला जागा देते.

वाईत हे उत्तर सर्वांत देखणे झाले आहे. महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेल्या कृष्णेवर इथे सात घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. अठराव्या शतकात पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी या गावाला आजचे रूप दिले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये नदीला अगदी लागून गणपतीचे देऊळ बांधले. मूर्तीच्या भव्य आकारामुळे लोक त्याला ढोल्या गणपती म्हणतात. दर्शनाला आलेला माणूस बहुधा मूर्तीपुढे हात जोडून तसाच परततो, आणि या देवळातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते. ती मागच्या बाजूला आहे. गाभाऱ्यामागची भिंत सपाट नाही. ती माशाच्या आकारासारखी निमुळती काढलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळला की दोन्ही अंगांनी फाटून निघून जातो, भिंतीवर त्याचा पूर्ण भार येत नाही. नदीवरच्या दगडी पुलांच्या खांबांनाही अशीच टोके काढलेली असतात. बांधणाऱ्यांनी पूर येणार हे गृहीत धरूनच पायाचा पहिला दगड ठेवला होता, असे ही भिंत सांगते. वरच्या बाजूला धोम धरण झाल्यापासून पुराचा जोर पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण भिंत आपल्या जागी आहे.

वाईचा कृष्णाबाईचा उत्सव मात्र पाणी ओसरल्यावरचा. हिवाळ्याच्या उत्तरार्धात एकेका घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईची मूर्ती बसते, मांडव पडतात, कीर्तने होतात, पंगती उठतात. अफजलखान १६५९ मध्ये चालून आला तेव्हा शिवरायांच्या यशासाठी कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी वाईकरांची परंपरा आहे. नदी ही इथे देवाच्या पायाशी वाहणारे तीर्थ एवढीच नाही. ती स्वतःच पाहुणी म्हणून घाटावर येते आणि गाव तिचे माहेरपण करते.

नाशिकला गोदावरीच्या काठी पुराचे माप देवाच्या अंगावर घेतले जाते. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. एक तोंड एका बाजूला, दुसरे विरुद्ध बाजूला. पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना विचारतात ते पाणी किती क्युसेक सोडले हे नव्हे, तर मारुतीच्या कुठपर्यंत आले हे. गुडघ्याला लागले म्हणजे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला. कमरेला आले की काठावरचे टपरीवाले सामान हलवू लागतात. छातीला, गळ्याला आले की गोदाकाठच्या बाजारपेठेतली दुकाने रिकामी होऊ लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पूर्ण बुडाला होता. जवळच नारोशंकराचे देऊळ आहे, १७४७ मधले. त्याच्या तटावरच्या कमानीत टांगलेल्या पोर्तुगीज बनावटीच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. पाणी त्या घंटेला लागले की महापूर, हे इथले जुने माप. मोजपट्टीवरचा आकडा वाचायला सरकारी माणूस लागतो. मारुतीची कंबर लहान मुलालाही दिसते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पुराची सूचना वेळेवर मिळावी, इतकी चोख सोय या काठाने केली होती.

आणि तरीही पुराशी नाते जोडण्यात नृसिंहवाडीने जे केले ते दुसरीकडे कुठे नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी, म्हणजेच नरसोबाची वाडी, वसली आहे. नृसिंहसरस्वतींनी इथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला जाताना औदुंबराखाली आपल्या पादुका ठेवल्या, अशी दत्तसंप्रदायाची श्रद्धा. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त या संगमाचे माहात्म्य आले आहे. देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत. वर उंच शिखरही नाही. आणि देऊळ गावाच्या उंचवट्यावर नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावे लागते. पादुका नदीच्या इतक्या जवळ आहेत की पाणी वाढले की प्रथम त्यांच्याकडेच येते.

ते येते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. वाडीला पोहोचेपर्यंत कृष्णेने कऱ्हाडला कोयना घेतलेली असते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा घेतलेली असते. पंचगंगा तिकडे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन कोल्हापूरवरून येते. सह्याद्रीच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातला पाऊस दोन वाटांनी या एका टोकाला जमतो. जमीन इथे सपाट होते, उतार मंदावतो. कृष्णा भरून वाहत असली की ती पंचगंगेचे पाणी पोटात घेत नाही. ते मागे सरते आणि पसरते. या मागे सरणाऱ्या पाण्याला इथले लोक फुगवटा म्हणतात. म्हणून वाडीची माणसे पावसाळ्यात दोन आकड्यांवर लक्ष ठेवून असतात: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. आयर्विन पुलाखाली हेच आकडे ४० आणि ४५.

पाणी चढत देवळात शिरते तेव्हा उत्तरेच्या दाराने येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पादुकांना स्पर्शून आलेले ते पाणी अंगावर घ्यायला हजारो माणसे भर पावसात दक्षिण दाराशी उभी राहतात. पाणी वाढत असताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. याची तिथी पंचांगात सापडत नाही. वर्षभराचे बाकी सगळे ठरलेले असते, दत्तजयंती मार्गशीर्षात, गुरुप्रतिपदा माघात. दक्षिणद्वार मात्र पाऊस ठरवतो. एखाद्या पावसाळ्यात तो अनेकदा होतो, एखाद्या वर्षी वाट पाहावी लागते. पहाटे बातमी येते आणि सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजीची माणसे मिळेल त्या गाडीने निघतात. ओल्या कपड्यांनी परत निघालेल्यांच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा असतो, कवठाची बर्फी असते.

पाणी आणखी चढले की पादुका दिसेनाशा होतात. पूजा त्यामुळे थांबत नाही. उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, त्याहूनही पाणी वर आले तर टेंबेस्वामींच्या मठात. त्रिकाळ पूजा, आरती तिथे चालू राहते. देवाच्या मुक्कामाची ही चढती वाट पिढ्यान्पिढ्या ठरलेली आहे आणि पुजाऱ्यांना पाठ आहे. आपत्तीच्या वेळी कोणी काय उचलायचे आणि कुठे न्यायचे, हे आधीच ठरलेले असणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर वाडीला पावसाळ्यात जावे.

या श्रद्धेला एक मर्यादा आहे आणि ती वाडीकरांना पक्की ठाऊक आहे. दक्षिणद्वारचे पाणी हा आनंद. पण त्यापुढे चढून घरांत शिरणारे पाणी हा आनंद नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती. माणसे, जनावरे हलवावी लागली. धरणांतून कधी आणि किती पाणी सोडायचे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टीची पातळी किती ठेवायची, नदीच्या पूररेषेत किती बांधकाम होऊ द्यायचे, हे प्रश्न तेव्हापासून धगधगते आहेत. जुन्या बांधकामाने पुराला जागा सोडली होती. अलीकडच्या बांधकामाने ती जागाच बळकावली आणि मग पुराला दोष दिला.

दुसरे दुखणे पाण्याच्या कसाचे. जी पंचगंगा पादुकांपर्यंत येते, तिच्यात वरच्या शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी मिसळते. उन्हाळ्यात पात्र जलपर्णीने झाकते, मासे मरून काठाला लागतात. आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगतो, तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. ज्या पाण्यात बुडी मारून पुण्य मिळते असे मानायचे, त्याच पाण्यात निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुने कपडे सोडायचे, ही भक्ती नव्हे. यात्रेकरूने घरून कापडी पिशवी आणावी, निर्माल्य कलशात टाकावे, घाटावर साबण लावू नये. एवढे प्रत्येकाच्या हातात आहे. बाकीचे नगरपालिका आणि कारखाने यांच्याकडून मागून घ्यावे लागेल.

पूर मागे जे ठेवून जातो, त्याचीही नोंद हवी. पाणी उतरले की काठावर गाळाचा थर राहतो. कृष्णाकाठी या जमिनीला मळी म्हणतात. मळीतल्या वांग्यांची चव दुसऱ्या कुठल्या वांग्याला येत नाही, असे कृष्णाकाठचा माणूस म्हणतो, आणि त्या म्हणण्यात नुसता गावाभिमान नाही. ताजा गाळ ही दरवर्षी फुकट मिळणारी खतावलेली माती असते.

पंढरपुरात देऊळच पात्रात आहे. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. वारकऱ्याचा क्रम ठरलेला: आधी चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन, मग विठ्ठल. पुंडलिकाचे देऊळ वाळवंटात आहे आणि मोठा पूर आला की ते पाण्याखाली जाते. वर काही काळ फक्त कळस दिसतो. आषाढी वारीला नदी दुथडी असेल असे बाहेरच्याला वाटते, पण तसे सहसा नसते. वरच्या उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि ते भरायला श्रावण उजाडतो, कधी भाद्रपद. त्यामुळे आषाढीच्या स्नानासाठी धरणातून मुद्दाम पाणी सोडावे लागते. पुंडलिक बुडतो तो नंतर, वारकरी परतल्यावर, उजनी आणि नीरेवरचे वीर धरण अशा दोन्ही बाजूंचे पाणी एकत्र येते तेव्हा.

याच उजनीच्या पोटात नदीकाठचे एक जुने देऊळ आहे, पळसदेवचे पळसनाथ मंदिर. धरण झाले तेव्हा गाव वर हलवले गेले, देऊळ जागेवर राहिले आणि पाण्यात गेले. इतर देवळे पावसाळ्यात बुडतात आणि हिवाळ्यात उघडी होतात. पळसनाथाचे ऋतुचक्र उलटे आहे. धरण भरलेले असते तेव्हा तो पाण्याखाली असतो. फेब्रुवारी-मार्चपासून पाणी उतरू लागते, आधी शिखर वर येते, मग मंडपाचे खांब. पावसाने ताण दिलेल्या वर्षी पाणी इतके मागे जाते की गाळ तुडवत थेट देवळात पोहोचता येते. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणारी माणसे अशा उन्हाळ्यात मुद्दाम वाट वाकडी करतात. भिंतींवर पाण्याच्या रेघा एकीवर एक उमटलेल्या असतात. आसपासच्या गावांची जुनी माणसे नातवंडांना घेऊन येतात आणि आपले घर कुठे होते, पार कुठे होता, नदीवर उतरायची वाट कुठून जात होती, ते बोटाने दाखवतात. जूनमध्ये वर भीमाशंकराच्या डोंगरात पाऊस लागतो, आणि देवळापर्यंतची वाट पुन्हा होडीची होते.