रिचार्ज संपलं, पण डबा कुणाचा?

रिचार्ज संपलं की डीटीएच कंपनीतलं कुणीतरी बटण दाबतं आणि आपला टीव्ही बंद होतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरा प्रकार उलटा आहे. टीव्ही चालू राहावा म्हणून कंपनीला सतत काहीतरी करावं लागतं. ते थांबलं की बॉक्स आपोआप गप्प!

उपग्रह सगळ्यांना एकच सिग्नल पाठवतो, पैसे भरणाऱ्यालाही आणि न भरणाऱ्यालाही. गच्चीवरच्या छत्रीत सगळे चॅनेल येऊन पडतातच, फक्त कुलूप लावून. या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली त्याच सिग्नलमधून येते, पण बंद पाकिटात. ते पाकीट उघडायचं काम बॉक्समधल्या कार्डाचं किंवा चिपचं. कोणत्या कार्डाला कोणते चॅनेल आणि कुठपर्यंत, हे सांगणारे मेसेजही वरूनच त्या त्या कार्डाच्या नंबरवर येत राहतात.

गंमत म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. मेसेज गेला तेव्हा तुमचा बॉक्स बंद होता हे कंपनीला कळतच नाही, म्हणून तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवतात. रिचार्ज केल्यावर "बॉक्स चालू ठेवून थांबा" असं सांगतात ते यासाठीच. आता नुसता "बंद हो" असा मेसेज पाठवून भागलं असतं का? लोकांनी त्या दिवशी छत्रीची वायरच काढून ठेवली असती! म्हणून परवानगीलाच मुदत घालतात. नवी आली नाही की जुनी संपते. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन मनापासून आवडतं.

माझा आक्षेप पुढे आहे. पैसे थांबले तर चॅनेल थांबावेत, मान्य. पण त्याबरोबर अख्खा डबा का मरावा? आतला ट्यूनर, डीकोडर, एचडीएमआय, सगळं ठणठणीत असतं. डीडी फ्री डिशचा सिग्नल 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावरून येतो आणि त्याला महिन्याचे पैसे लागत नाहीत. छत्री तिकडे वळवून जुन्या डब्यावर तो दिसायला काय हरकत आहे? पण बहुतेक डब्यांचं सॉफ्टवेअर स्वतःच्या कंपनीपलीकडे बघतच नाही. मग डबा पोटमाळ्यावर, आणि तिथून भंगारात. मोबाईलचं सिम बदललं म्हणून आपण हँडसेट फेकतो का?

सेट टॉप बॉक्स इंटरऑपरेबल असावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल 2020 मध्ये केली होती. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे.

कंपन्या म्हणतील, "डबा आम्ही स्वस्तात दिला, त्याची वसुली नको?" जरूर करा. पण गाडीचे हप्ते फिटले की बँक एनओसी देतेच ना? तसंच डब्याचे पैसे वसूल झाले की त्या कार्डाच्या नंबरवर एक शेवटचा मेसेज पाठवा: "आता कुलूप सोड." मेसेज पोचवायची सोय तर तुमच्याकडे आधीपासूनच आहे.