कळ, ठणका आणि नुसतं 'पेन'

"नर्सला इंग्रजी कशाला? हात हलका असला म्हणजे झालं," असं म्हणणारा एक पक्ष आहे. दुसरा म्हणतो, आधी व्याकरण घोटून घ्या, बोलणं मागाहून येईल.

पहिल्यांनी औषधांचा चार्ट एकदा हातात घ्यावा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसता 'यू' लिहिला, तर घाईत तो शून्य वाटतो आणि चाराचे चाळीस होतात; म्हणून तो शब्द पूर्ण लिहायला सांगतात. 'हायपो' आणि 'हायपर' कानाला जवळजवळ सारखेच. पण साखर उतरलेल्याला साखर द्यायची असते आणि चढलेल्याला इन्सुलिन. इथे हलका हात काय कामाचा?

व्याकरणवाल्यांचं म्हणणं मात्र अगदीच पोकळ नाही. 'इंजेक्शन दिलं' आणि 'द्यायचं आहे' हा काळाचाच फरक. तो चुकला तर एकच डोस दोनदा जातो. पण मग काळ शिकवा तो ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमधून. 'माझा आवडता सण' लिहून घेऊन काय साधणार? २०२१च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात विषयाचं नाव 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' असं ठेवलंय, हे ठीक झालं. तो आहे मात्र आठांपैकी पहिल्या सत्रात. वॉर्डातल्या पोस्टिंगचा जोर वाढतो तोवर पोरी तो पास होऊन विसरलेल्या असतात.

माझं म्हणणं असं की, नर्सचं इंग्रजी पेशंटच्या मराठीपासून सुरू व्हावं. एका खाटेवरची आजी म्हणते, "पोटात कळ येतेय." शेजारी गळवाला ठणका लागलाय, तिसऱ्याच्या कमरेतून पायात चमक जाते, चौथीला लघवीला आग होते. विद्यार्थिनी चौघांपुढेही 'पेन' लिहून मोकळी होते. म्हणजे आजीनं नेमकं सांगितलेलं केस पेपरवर येईतो पुसलं गेलं. थांबून थांबून येणारी कळ 'कॉलिकी', ठणका 'थ्रॉबिंग', चमक 'शूटिंग', आग 'बर्निंग': डॉक्टरला दिशा मिळते ती या शब्दांतून. हे शिकवायला इंग्रजीच्या सरांनी नर्सिंगच्या ट्यूटरसोबत वॉर्डात उभं राहायला हवं. (सरांना फिनेलचा वास सोसेल, एवढं गृहीत धरतो.)

परदेशी जायचं म्हणून तरी घोकंपट्टी हवीच, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठीच्या ओईटी परीक्षेत नर्सपुढे एक जण पेशंट किंवा नातेवाईक होऊन बसतो; त्याला सोप्या शब्दांत समजावावं लागतं. लेखनात केस नोट्सवरून ४५ मिनिटांत पत्र लिहायचं. पाठ केलेला निबंध तिथे कुठे चालवणार?

आणि इंग्रजी आलं म्हणजे संपलं, असंही नाही. ऑपरेशनआधी खाटेवर 'एनबीएम' अशी पाटी लागते: तोंडानं काही द्यायचं नाही. सकाळी सून मायेनं सासऱ्यांना चहा-बिस्किट भरवते आणि ऑपरेशन पुढे जातं. सिस्टर तिच्यावरच ओरडते. पाटीवरची तीन अक्षरं बरोबरच होती, फक्त सुनेला ती कुणी मराठीत सांगितली नव्हती.