विश्लेषण : ब्रिटनमध्ये जुना रेडिएटर बदलताना मोठा का घ्यावा?

ब्रिटनमधील बहुतेक घरांत गॅस बॉयलरने तापवलेले पाणी रेडिएटरमधून फिरते आणि खोल्या उबदार राहतात. एखादा रेडिएटर गंजून गळू लागला, की त्याच मापाचा नवा बसवला जातो. ही सवय आता महाग पडू शकते.

नियम काय?

इंग्लंडमध्ये जून 2022 पासून, संपूर्ण यंत्रणा नवी बसवताना शक्य तिथे ती 55 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी असावी लागते. एकच रेडिएटर बदलणाऱ्याला हे बंधन नाही.

मग मोठा कशासाठी?

रेडिएटरची क्षमता मोजताना पाणी खोलीपेक्षा सरासरी 50 अंशांनी गरम धरतात. हा फरक 30 अंशांवर आला, की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. हीट पंप मात्र कोमट पाण्यावरच काटकसरीने चालतो. त्यासाठी इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर 2023 पासून 7,500 पौंडांचे अनुदान आहे; पण रेडिएटर लहान असतील, तर खोली थंड राहते किंवा वीजबिल फुगते.

निवड कशी करावी?

आधी खोलीला किती उष्णता लागते ते मोजून घ्यावे. भिंतीवर जागा नसेल, तर एका पॅनलऐवजी तेवढ्याच लांबी-उंचीचा दोन पॅनलचा रेडिएटर बसतो. गॅसवरच राहिलात तरी फायदा आहे : परतणारे पाणी थंड असेल, तर कंडेन्सिंग बॉयलर कमी गॅस जाळतो.

अडचण भाड्याच्या घरांत आहे. तिथे रेडिएटरचा खर्च मालकाचा, बिल सहसा भाडेकरूचे. त्यामुळे स्वस्त आणि लहान रेडिएटरच निवडला जाण्याची शक्यता अधिक.