लक्षणांची बेरीज

अमेरिकेंतील मानसवैद्यांच्या संघटनेनें १९८० सालीं ‘डीएसएम’ या आपल्या निदानग्रंथाची तिसरी आवृत्ति काढिली, तेव्हांपासून मनोरोगाचें निदान हें यादीचें काम होऊन बसलें आहे. विषण्णतेचीं लक्षणें नऊ. त्यांपैकीं पांच दोन आठवडे टिकलीं आणि नित्यव्यवहार बिघडला, कीं रोग सिद्ध झाला!

या पद्धतीचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. पूर्वीं न्यूयॉर्कचे वैद्य ज्यास एक रोग म्हणत, त्यास लंडनचे वैद्य दुसराच म्हणत. तो घोळ तिनें बराच कमी केला. परंतु दोन पंचांचें एकमत झालें म्हणून निवाडा खरा ठरत नाहीं. चवथ्या आवृत्तींत आप्तनिधनाच्या शोकास सामान्यतः दोन महिन्यांची सवलत होती. २०१३ च्या पांचव्या आवृत्तीनें ती काढून टाकिली. म्हणजे पंधरवडा लोटतांच शोकमग्न विधवाही रोगी ठरूं शकते!

वैद्यानें तारतम्य बाळगावें अशी टीप तेथें आहे, असें कोणी म्हणेल. आहे खरी, पण अखेर भिस्त तारतम्यावरच, तर तें बेरजेंतून कसें येणार? तें रोग्याची हकीकत ऐकूनच येतें. लक्षणें अवश्य मोजावींत. मात्र ‘काय झालें?’ हें आधीं विचारावें.