तासाचे किती घेता?

"मॅडम, तासाचे किती घेता?" फोनवर पोराचं नाव कळायच्या आधी हा प्रश्न येतो. पोरगं कुठे अडतंय, त्याला नक्की काय येत नाही, हे नंतर कधीतरी. बहुतेकदा कधीच नाही. गेली अकरा वर्षं मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आसपास दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते आणि या प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. आज ते जरा सविस्तर द्यायचं आहे. माझं पोट या धंद्यावर चालतं हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत.

घरी जाऊन शिकवायचे मी महिन्याला ६,००० रुपये घेते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड तास, म्हणजे महिन्याचे अठरा तास. तासाला ३३३ रुपये झाले. पण धायरीहून कोथरूडला जाऊन परत यायला तासभर मोडतो, तो कोण धरणार? बारा फेऱ्यांचे बारा तास मिळवले की भाव २०० वर येतो. त्यातून पेट्रोल वजा करा. मे महिन्यात शून्य. मुलाची सहामाही संपली की "आता दिवाळीनंतर बघू" हा निरोप ठरलेला. आधी मी एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षं शिकवलं. तिथे सही एका रकमेवर व्हायची आणि हातात दुसरीच पडायची. तेव्हा शिकवण्यांना मी लोभाने आले नाही, एवढंच.

म्हणजे मला २०० रुपये फार आहेत असं मी म्हणणार नाही. पण समोरच्यालाही ते परवडत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा खरा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी विचारलं, "बाई, माझ्या पोरीला घ्याल का? नववीत गेलीये, गणितात मागं पडती." चार घरांचे मिळून त्यांना १२,००० मिळायचे. माझ्या घरच्या गटाची फी १,५००. म्हणजे महिन्यातले जवळपास चार दिवस त्यांनी फक्त माझ्यासाठी पोळ्या लाटायच्या. मी म्हटलं, "तुम्ही हजारच द्या." आणि दोन दिवस स्वतःला फार उदार समजत राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलीला फळ्यावर एक-तृतीयांश अधिक एक-चतुर्थांश करायला सांगितलं. तिने दोन-सप्तमांश लिहिलं. बीजगणित राहू द्या, तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. ही पाचवी-सहावीची गोष्ट. पालिकेच्या शाळेत ती दर वर्षी वरच्या वर्गात जात राहिली होती. ते हजार रुपये नववीच्या गणिताचे नव्हतेच. पाचवीत सरकारने जे शिकवायचं होतं, ज्याचे पैसे तिच्या आईने साबणापासून रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरून आधीच दिले होते, त्याचे ते दुसऱ्यांदा घेतलेले पैसे होते. आणि ते मी घेत होते.

इथे कुणी लगेच "सरकारी मास्तर फुकट पगार खातात" म्हणेल. मुळीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या २८व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी केली, हे बरोबरच झालं. त्याच्या अलीकडचं २७वं कलम सांगतं की शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळून. आपल्याकडे निवडणुका किती आणि मतदारयाद्यांची कामं किती, हे मी वेगळं सांगायला नको. नवा शिक्षक भरायचा तर तो आधी तीन वर्षं 'शिक्षणसेवक'. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये १६,००० झालं, त्याआधी ते ६,००० होतं. सहा हजारांत माणूस ठेवायचा, त्याला याद्या घेऊन दारोदार पाठवायचं आणि वर विचारायचं की पोरांना अपूर्णांक का येत नाहीत.

आता माझ्याच घरातलं सांगते. मुलाची दहावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे गुण लागतात ते फक्त पात्रतेपुरते. क्रमांक लागतो सीईटीवर. त्यामुळे अकरावी-बारावीचं कॉलेज ही निव्वळ हजेरीची जागा झाली. आम्हाला एका क्लासच्या काउंटरवर सांगितलं, "कॉलेजला यायची गरज नाही, ते आम्ही बघतो." दोन वर्षांचे अडीच लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४५,०००. शाळा-कॉलेजच्या शिक्षणावर जीएसटी नाही, क्लासवर आहे. कॉलेजात शिकवणं बंद पडू द्यायचं आणि ते बाहेरून विकत घेणाऱ्याकडून करही घ्यायचा, अशी ही सोय. माझ्या मुलाने प्रयोगवही मित्राच्या वहीवरून उतरवली. ब्युरेट त्याने हातात धरली ती थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी. आणि हे सगळं माहीत असूनही मी पैसे भरले. भीतीने भरले. शेजारच्याचा मुलगा जात होता म्हणून भरले.

एके काळी शिकवणी लावणं ही लपवायची गोष्ट होती, ती 'ढ' मुलांना असायची. आता शिकवणी नाही हे सांगायची चोरी. केंद्राच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातले २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणीला जाणारे निघाले. शहरात ३०.७ टक्के, खेड्यात २५.५. म्हणजे हे शहरी चोचले आहेत ही समजूतही गेली. जिथे उत्पन्न निम्मं, तिथेही पालक रांगेत आहेतच.

"मागणी आहे म्हणून पुरवठा आहे," असं मला समव्यवसायी सांगतात. मागणी आहे, पण ती हॉटेलातल्या डोशासारखी नाही, टँकरच्या पाण्यासारखी आहे. नळाला पाणी येत नाही म्हणून टँकर बोलावतात, आणि टँकर सुरू झाला की नळ दुरुस्त करायची घाई कुणालाच उरत नाही. ज्यांचा आवाज महापालिकेत पोचू शकला असता त्या सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या असतात.

क्लासवर नियम आणा, हेही म्हणून झालं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. चांगल्या आहेत. आमच्या चौकातल्या फलकावर मात्र 'आठवीपासून फाउंडेशन' अजून झळकतं आहे. आणि समजा उद्या सगळे क्लास खरोखर बंद झाले, तर त्या मुलीला अपूर्णांक कोण शिकवणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा आणि १,००० तास अध्यापन झालं पाहिजे. पहिली ते पाचवीला २०० दिवस, ८०० तास. सरकारी आणि पालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्या समितीची बैठक बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. तिथे जाऊन कुणीतरी विचारायला हवं की या वर्षी गणिताचे किती तास झाले, किती दिवस वर्गावर शिक्षक नव्हता आणि तेव्हा तो कुठे होता. उत्तर लेखी मागा. शिक्षकावर खेकसू नका. बहुधा त्याच्याकडेच या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर असेल आणि कुणीतरी विचारावं याची तो वाट बघत असेल.

ती मुलगी अपूर्णांक शिकली. चार महिने लागले. नंतर दहावीही झाली, गणितात ६१ मिळाले. तिच्या धाकट्या भावाला यंदा पाचवी आहे, त्याच शाळेत. जूनमध्ये ताई पुन्हा आल्या, "याला पण घ्या." मी त्यांना समितीच्या बैठकीची तारीख काढायला सांगितली आहे. मी सोबत येते म्हटलं. त्या घाबरल्यात, "मला काय बोलता येणार बाई?" म्हणतात.

त्याला शिकवणीला घेतलं आहे. फी अजून सांगितलेली नाही.