पाहुण्या कोपऱ्यातला जड हात

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी चहाच्या टपरीवर दोन तरुण एकाच मोबाइलमध्ये डोके घालून बसले होते. तेथे 'रेंज' मिळणे हा नशिबाचा भाग असल्याने चित्रफीत आधीच उतरवून ठेवलेली होती. गोव्यात मांडवी नदीतल्या 'मॅजेस्टिक प्राइड' या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर 19 मार्च 2021 रोजी झालेल्या मुष्टियुद्धाची ती फीत. व्यावसायिक रिंगणात तोवर बारा लढती खेळून एकही न हरलेला विजेंदर सिंग पाचव्या फेरीत रशियाच्या आर्टिश लोप्सानपुढे कोलमडला, तो क्षण दोघांनी तीनदा मागे नेऊन पाहिला. मग त्यांतल्या एकाने प्रस्तुत प्रतिनिधीला विचारले, "भाऊ, ह्या माणसाला हरायलाच बोलावलं होतं ना? मग हा जिंकला कसा?"

प्रश्न भाबडा वाटला, तरी व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या साऱ्या अर्थकारणावर त्याने नेमके बोट ठेवले होते. या खेळात खरोखरच एक माणूस जिंकण्यासाठी आणि दुसरा हरण्यासाठी बोलावला जातो. हे निकाल आधी ठरवण्याइतके सरळ नाही आणि बेकायदा तर नाहीच. या व्यवस्थेचे सर्वांत जुने आणि सर्वांत शिस्तबद्ध रूप ब्रिटनमध्ये पाहावयास मिळते. विजेंदरने ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक पदार्पण केले, तेही याच व्यवस्थेत.

हरण्यासाठी येणाऱ्या या मुष्टियोद्ध्याला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. शब्दावरून तो गावोगाव प्रवास करणारा वाटतो आणि तो प्रवास करतोही. पण या शब्दाचे मूळ 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर तो जर्नीमन. मराठीत त्याला 'रोजंदार' म्हणणे अधिक नेमके ठरेल.

त्याच्या रोजंदारीचा हिशेब असा. छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमात 'घरच्या' कोपऱ्यात उगवता स्थानिक मुलगा असतो. तो मित्र, नातेवाईक, कामावरचे सहकारी यांना तिकिटे विकतो. त्याच पैशातून 'पाहुण्या' कोपऱ्यातल्या माणसाचे मानधन निघते. चार फेऱ्यांचे साधारण हजार पौंड किंवा थोडे अधिक. त्यातून व्यवस्थापकाचे 25 टक्क्यांपर्यंत आणि प्रशिक्षकाचे 10 टक्के वजा जातात. तिकीट घेऊन आलेले शे-दीडशे लोक आपला मुलगा हरताना पाहावयास आलेले नसतात. तो हरला, तर पुढच्या वेळी ते येणार नाहीत आणि तिकिटे विकली गेली नाहीत, तर कार्यक्रमच होणार नाही. म्हणून सामने जुळवणारा माणूस असा प्रतिस्पर्धी शोधतो, जो चार फेऱ्या उभा राहील, मुलाला काही शिकवील आणि गुणांवर हरून रात्रीच्या गाडीने घरी जाईल. किताबाची लढत नसेल, तर ब्रिटनमध्ये गुण देणारा एकटा पंचच असतो. 40-36 हा निकाल तेथे बहुतेकांना तोंडपाठ आहे.

या धंद्यातले आकडे थक्क करणारे आहेत. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 1989 ते 2008 या काळात 300 लढती लढला. त्यांपैकी 32 जिंकला, 256 हरला, 12 बरोबरीत सुटल्या. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदशी तो दोनदा लढला. नन्ईटनच्या क्रिस्टियन लाइटनेही 2018 मध्ये निवृत्त होताना बरोबर 300 लढती पुऱ्या केल्या. त्यात विजय 12 आणि पराभव 279. पंधरा वर्षांत तीनशे, म्हणजे सरासरी अठरा दिवसांना एक लढत. एवढे पराभव पचवणारा माणूस दुबळा असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. त्या 279 पराभवांत लाइटची लढत वेळेआधी थांबवावी लागल्याचे प्रसंग मोजकेच होते. मार चुकवणे, मिठी मारून वेळ काढणे, दोरांचा आधार घेणे, समोरच्याला बेताने थकवणे या कलांत तो समोरच्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे होता.

ही कला आवश्यक ठरते ती एका नियमामुळे. लढत वेळेआधी थांबवावी लागली, तर ब्रिटिश नियामक मंडळ पराभूताला किमान 28 दिवस सक्तीची विश्रांती देते. मेंदूच्या काळजीपोटी केलेला हा नियम योग्यच आहे. पण अठरा दिवसांना एक लढत खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ बुडालेली एक-दोन मानधने असा होतो. म्हणून हरावयाचे, पण उभ्यानेच हरावयाचे.

आता या चौकटीत एक जड हाताचा माणूस आणून पाहा. एका ठोशात समोरच्याला झोपवू शकेल असा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, की हा तर या धंद्याचा राजा होईल. प्रत्यक्षात त्याचीच सर्वांत अधिक कुचंबणा होते. सामने जुळवणारा त्याचे नाव यादीत पाहतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. दोनशे तिकिटे विकणाऱ्या मुलापुढे असला धोका कोण उभा करील? त्याला फोन येतो तो दुसरे कोणी मिळाले नाही तर, आदल्या दिवशी, किंवा घरच्या मुलाचा कस खरोखरच पाहावयाचा असेल तेव्हा.

शरीराचाही एक हिशेब आहे. जोरकस ठोसा मारण्यासाठी पाय रोवावे लागतात, अंतर कमी करावे लागते, क्षणभर स्वतःची हनुवटी उघडी टाकावी लागते. जो मारायला जातो त्याला उलटा मार बसण्याची शक्यता वाढते. शिवाय जोरात मारणाऱ्यांचे हात मोडतात. हाताची बारीक हाडे कवटीवर आदळण्यासाठी घडवलेली नाहीत. हात मोडला, की पुन्हा काही आठवडे रोजंदारी बंद. म्हणजे ज्या गुणाने हा खेळ लोकप्रिय केला, तोच गुण या खेळाच्या मजुराला परवडत नाही.

मग असे लोक काय करतात? बरेचसे हात राखून खेळतात. समोरचा मुलगा फारच उद्धट झाला, प्रेक्षकांकडे पाहून हसू लागला, तर बरगडीत एक नेमका ठोसा देऊन त्याला भानावर आणायचे आणि पुन्हा मागे सरकायचे. जाणकार प्रेक्षक तेवढ्या एका ठोशावरून सारे ओळखतो. याला कुस्तीतल्या भाषेत 'नूरा' म्हणता येईल का? प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, नाही. नूरा कुस्तीत दोन्ही मल्लांना निकाल ठाऊक असतो. येथे घरच्या मुलाला काहीच सांगितलेले नसते आणि पाहुण्यालाही कोणी 'हर' म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरजच उरू नये, अशी बाजाराची रचना आहे. मात्र ती रचना निर्दोष आहे, असेही नव्हे. राखून ठेवलेला हात प्रेक्षकाला दिसत नाही आणि त्याने तिकिटाचे पैसे तर पुऱ्या लढतीचे दिलेले असतात.

हिशेब चुकतो तेव्हा काय होते, याची उदाहरणे ऑलिंपिक पदकविजेत्यांच्या बाबतीत ठळकपणे दिसतात. कारण त्यांच्यासाठी प्रतिस्पर्धी सर्वाधिक काळजीने निवडले जातात. सिडनीच्या 2000 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या ऑडली हॅरिसनची पहिली व्यावसायिक लढत 2001 मध्ये एका अमेरिकी खासगी गुप्तहेराशी लावण्यात आली होती. लोक हसले. पण फेब्रुवारी 2007 मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात पाहुण्या कोपऱ्यात होता मायकेल स्प्रॉट. अनेक पराभव पचवलेला हा माणूस हॅरिसनच्या ठोशाने आधी स्वतः खाली गेला, उठला आणि तिसऱ्या फेरीत त्याने हॅरिसनला बेशुद्ध पाडले. अथेन्सचा रौप्यविजेता आमिर खान सप्टेंबर 2008 मध्ये मँचेस्टरला कोलंबियाच्या ब्रेइडिस प्रेस्कॉटसमोर अवघी 54 सेकंदे टिकला. प्रेस्कॉट तेव्हा अपराजित होता, त्याच्या विजयांची यादी बहुतांशी लढत वेळेआधी संपवलेल्यांचीच होती आणि तरीही त्याला निवडण्यात आले. पुढच्या वर्षांत त्याच्याही नावावर डझनाहून अधिक पराभव लागले आणि तो इतरांच्या प्रगतिपुस्तकातले एक नाव झाला.

विजेंदरची वाटही याच नकाशावरची. बीजिंगच्या 2008 च्या कांस्यपदकानंतर तो देशाचा नायक झाला होता. व्यावसायिक झाल्यावर मँचेस्टरला सनी व्हाइटिंग, डब्लिनला डीन गिलन, मग समेत ह्युसेइनोव्ह, लिव्हरपूलला अलेक्झांडर होर्वाथ, असे एकेक प्रतिस्पर्धी पडत गेले. गिलन हा अग्निशमन दलात नोकरी करणारा आणि व्यावसायिक अनुभव अवघ्या दोन लढतींचा. एप्रिल 2016 मध्ये लंडनला समोर आलेला फ्रान्सचा मातिऊझ रॉयेर त्या मानाने मुरलेला होता. पाचव्या फेरीपर्यंत टिकला. ऑगस्ट 2017 मध्ये मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीविरुद्ध मात्र पुऱ्या दहा फेऱ्या खेळाव्या लागल्या. त्या रात्री निकाल विजेंदरच्या बाजूने गेला, तरी लढत एकतर्फी नव्हती.

गोव्यातला लोप्सान हा काटेकोर अर्थाने रोजंदार नव्हता. तो तरुण होता, विजेंदरपेक्षा बराच उंच होता आणि त्याच्या मोजक्या लढतींतला पराभव एकच होता. परंतु त्या रात्री तो पाहुण्या कोपऱ्यात होता आणि जाहिरातीच्या फलकांवर मोठे नाव दुसऱ्याचे होते. विजेंदर नोव्हेंबर 2019 नंतर लढलेला नव्हता. हाताला वजन असलेला, भूक असलेला पाहुणा आणि गंजलेला यजमान, असा तो योग होता. तोरणमाळच्या तरुणाला मी दिलेले उत्तर एवढेच होते, की त्याला कोणी 'हर' म्हणून सांगितले नव्हते, तो हरेल असे फक्त गृहीत धरले होते.

जड हाताच्या माणसाची आणखी एक शोकांतिका आहे, आणि ती या चर्चेत सहसा येत नाही. मुष्टियोद्ध्याचे पाय आधी जातात, मग डोळ्यांची चपळाई जाते, मग मार सोसण्याची ताकद. ठोशातला जोर सर्वांत शेवटी जातो. लंडनच्या डॅनी विल्यम्सने जुलै 2004 मध्ये लुइव्हिलला माइक टायसनला चौथ्या फेरीत खाली बसवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक किताबासाठी तो विताली क्लिच्कोकडून हरला. त्यानंतर उतरण सुरू झाली, ती थांबलीच नाही. ब्रिटनमध्ये दार बंद झाल्यावर तो परदेशी परवान्यांवर युरोपभर लढत राहिला, चाळिशी ओलांडून, आणि एकूण पराभव दोन डझनांच्या पुढे गेले. त्याला बोलावणारा प्रमोटर काय विकत घेत होता? 'टायसनला पाडणाऱ्याला मी पाडले', हे वाक्य. आणि विल्यम्सला रिंगणात ओढणारी गोष्ट म्हणजे अजूनही शिल्लक असलेला तोच उजवा हात. ज्याला ठोसा नसतो तो रोजंदार स्वतःला वाचवायला शिकतो. ज्याला असतो त्याला शेवटपर्यंत वाटत राहते, की एक बसला तर सारे बदलेल.

महाराष्ट्राला या माणसाची ओळख अगदीच नाही असे नाही. सुगी उरकल्यावर, चैत्र-वैशाखातल्या जत्रांतून एका फडावरून दुसऱ्या फडावर जाणारा मल्ल हा त्याचा दूरचा भाऊबंद. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पंच अंगलट पाहून जोड लावतात. बाहेरगावच्या मल्लाने गावच्या मल्लाला चितपट केले, तर हलगी क्षणभर थबकते, पण इनाम दिले जाते आणि पुढच्या वर्षी त्याला आवर्जून निरोप जातो. जड हाताच्या पाहुण्याचे आकर्षण फडाला आहे. धास्ती वाटते ती तिकिटाच्या रिंगणाला. दुसरा फरक नोंदीचा. फडातला पराभव त्याच मातीत राहतो. बकली आणि लाइट यांचा एकेक पराभव मात्र इंटरनेटवरच्या नोंदवहीत तारखेसह कायम आहे.

मुष्टियुद्धात मात्र आपल्याकडे रोजंदारांचा वर्गच उभा राहिलेला नाही. कारण साधे आहे. येथे ठोशात दम असलेला मुलगा हौशी मुष्टियुद्धातून सैन्यदल, रेल्वे, पोलीस अशी वाट धरतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. विजेंदर स्वतः हरयाणा पोलिसांत उपअधीक्षक होता. पगार, निवृत्तिवेतन आणि घर देणारी वाट असताना हजार पौंडांच्या भारतीय अवतारासाठी कोण मार खाईल? व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या प्रवर्तकांना ही अडचण वाटते. त्यामुळे पाहुणे परदेशातून आणावे लागतात, खर्च वाढतो, कार्यक्रम मोजके होतात, असा त्यांचा हिशेब असतो.

पण ही अडचण दूर व्हावी असे म्हणण्यापूर्वी एक गोष्ट पाहावयास हवी. ब्रिटनमध्ये या रोजंदारांच्या पाठीशी परवान्याची वार्षिक मेंदूतपासणी, सक्तीची विश्रांती आणि रिंगणाशेजारी डॉक्टरांचे पथक आहे. तेही सहजी मिळाले नाही. 1991 च्या लढतीत मेंदूला कायमची इजा झालेल्या मायकेल वॉटसनने मंडळाला न्यायालयात खेचले आणि मंडळाची जबाबदारी न्यायालयाने मान्य केली, तेव्हा व्यवस्था खऱ्या अर्थाने कडक झाली. एवढे असूनही तेथे मृत्यू थांबलेले नाहीत. 2016 मध्ये माइक टोवेल आणि 2018 मध्ये स्कॉट वेस्टगार्थ लढतीनंतर दगावले. वेस्टगार्थ तर ती लढत जिंकला होता.

तोरणमाळचा तो तरुण निघताना म्हणाला, की त्याच्या हातातही जोर आहे आणि मुष्टियुद्ध कोठे शिकवतात ते सांगा. मी त्याला पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटचे नाव सांगितले आणि तेथे लहान वयातच निवड होते, हेही सांगितले. त्याचे वय त्यासाठी उलटून गेले होते. त्याने फीत पुन्हा सुरू केली.